निदान, निदान तरी करा!



"स्लो वाढवून दिलाय, आता नाही बंद पडणार!"

पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्याही गॅरेजसमोर तासभर उभे राहा, हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. दापोडीपासून निगडीपर्यंत आणि कासारवाडीपासून चाकणपर्यंत सगळीकडे तेच. गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून बिचारा माणूस गॅरेजात येतो. मेकॅनिक गाडी चालू करतो, आवाज ऐकल्यासारखं करतो आणि कार्बोरेटरच्या अंगाला असलेला एक स्क्रू अर्धा वेढा पिळतो. इंजिनाचा आवाज चढतो. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक खूश, दोन मिनिटांत काम फत्ते!

माझं म्हणणं स्पष्ट आहे. याला दुरुस्ती म्हणू नये. तक्रार करणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवायचा आणि "बघा, आता काही तक्रार नाही" म्हणायचं, असा हा प्रकार आहे. आणि तो आपल्या पट्ट्यात चालावा याची मला लाज वाटते. १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडली, पुढे चाकणला मोठा कारखाना झाला, २००१ मध्ये पल्सर आली. देशभर धावणाऱ्या लाखो दुचाकी आपल्या अंगणात जन्मल्या. त्याच अंगणात गाडीला काय झालंय हे शोधण्याची विद्या मात्र एका स्क्रूवर येऊन थांबली आहे.

"मास्तर, तुम्ही मराठीचे, इंजिनातलं तुम्हाला काय कळतं?" असं आमच्या नात्यातले काही जण म्हणतील (म्हणतातच!). त्यांना माझं उत्तर असं की कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. 'कारणे द्या' हा प्रश्न मी आयुष्यभर पोरांना घालत आलो. कारणाऐवजी परिणामच पुन्हा वेगळ्या शब्दांत लिहिला, तर त्या उत्तराला शून्य मार्क. "गाडी बंद का पडते?" "स्लो कमी आहे म्हणून." हे उत्तर मी फळ्यावर लिहू दिलं नसतं. अहो, स्लो कमी आहे हीच तर तक्रार आहे! तो कमी का झाला ते सांगा ना!

आता ज्यांना गाडीतलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला तरी इंजिन बंद न पडता आपलं आपण हळू चालत राहतं. त्याला गॅरेजात 'स्लो' म्हणतात, कंपनीच्या पुस्तिकेत 'आयडल स्पीड'. शंभर-दीडशे सीसीच्या मोटरसायकलीत हा स्लो मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटतं. म्हणजे मिनिटाला ७०० वेळा, सेकंदाला जवळजवळ बारा वेळा. यातले दोन-तीन लागोपाठ हुकले की इंजिन आचके देतं आणि गप्प होतं.

गाडी वेगात असते तेव्हा इंजिनाला भरपूर हवा-पेट्रोल मिळतं, चाकांचाही जोर असतो. तिथे बारीकसारीक दोष झाकून जातात. स्लोला मात्र हवेची वाट जवळजवळ बंद असते. पेट्रोल येतं ते पायलट जेटच्या भोकातून, आणि ते भोक मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही बारीक. अशा वेळी कुठून तरी चोरून थोडी जादा हवा आत शिरली, भोकात कचऱ्याचा एक कण अडकला, ठिणगी जरा अशक्त पडली, की लगेच कळतं. लेखी परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिता येतं, तोंडी परीक्षेत येत नाही. स्लो ही इंजिनाची तोंडी परीक्षा आहे. इंजिनाला काय होतंय हे सगळ्यांत आधी तिथेच कळतं.

आणि आपण काय करतो? स्क्रू पिळतो. म्हणजे ग्रेसचे मार्क देतो. पोरगं पास झालं, पण गणित त्याला आलं का? नाही आलं. वरच्या वर्गात गेल्यावर ते आणखी खोलात रुतणार.

इथेही तसंच होतं. हा फक्त उपमेचा खेळ नाही, नुकसान खरं आहे. एक उदाहरण घ्या. इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात आणि त्यांना उघडणाऱ्या यंत्रणेत बारीक फट ठेवलेली असते. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजायची फट. तिला टॅपेट सेटिंग म्हणतात. कालांतराने ही फट कमी होत होत नाहीशी झाली, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. दाब निसटतो. मग गाडी थंड असताना नीट चालते, पण नाशिक फाट्यापर्यंत पोचून तापली की सिग्नलला बंद पडते. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः मिटून आपल्या बैठकीवर टेकलेला असताना. टेकायलाच मिळालं नाही तर तो जळतो. म्हणजे फिलर गेजची पातळ पट्टी घालून अर्ध्या तासात होणारं काम आपण स्क्रू पिळून टाळलं, आणि काही महिन्यांनी इंजिनाचं हेड उघडायची पाळी आणली. यात तोटा कोणाचा झाला?

दुसरं उदाहरण. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जोड असतो, त्यात रबर किंवा ओ-रिंग असते. ती कडक होऊन चिरली की इंजिन तिथून 'हवा घेतं'. मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते. अशा वेळी स्लो कधी पडतो, तर कधी उलट चढूनच राहतो, ॲक्सिलरेटर सोडला तरी लवकर उतरत नाही. अशा पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं. स्क्रू फिरवून आवाज हवा तसा करता येतो, पण चीर तिथेच राहते आणि वाढत जाते.

शिवाय जास्त चढवलेल्या स्लोचा स्वतःचा त्रास आहेच. प्रत्येक सिग्नलला फुकट पेट्रोल जळतं. पहिला गिअर टाकताना 'खट्ट' असा आवाज येतो. सगळ्यांत वाईट म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाने जो लगाम खेचायला हवा तो खेचला जात नाही, गाडी पुढेच ओढत राहते. रात्रपाळी करून भोसरी-मोशीवरून परतणारा दमलेला पोरगा, पावसाळ्यातला रस्ता, पुढे एकदम थांबलेला ट्रक... अशा वेळी तो लगाम किती मोलाचा आहे ते वेगळं सांगायला नको. आणि उलट बाजूने, हायवेवर उजवीकडे वळताना मध्येच बंद पडलेली गाडीही तितकीच जिवावर बेतणारी. म्हणून म्हणतो, स्लोचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

बरं, कारण शोधणं फार अवघड आहे का? मुळीच नाही. त्याला क्रम लागतो आणि कान लागतो. पहिली पायरी म्हणजे हत्याराला हात न लावता गिऱ्हाइकाला प्रश्न विचारणं. गाडी कधी बंद पडते? थंड असताना की तापल्यावर? अचानक सुरू झालं की हळूहळू? पावसानंतर? टाकी भरल्यानंतर? महिनाभर उभी होती का? निम्मं निदान इथेच होतं.

थंड असताना पडते आणि चोक ओढला की सुधारते, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. पायलट जेट बघा, जोड बघा. तापल्यावर पडते, तर टॅपेट बघा, इग्निशन कॉइल बघा. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर पडते आणि टाकीचं झाकण उघडलं की 'फुस्स' होऊन पुन्हा नीट चालते, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. गाडी उभी करून, चालू ठेवून, हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. आवाज बदलला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय, कार्बोरेटर बिचारा निर्दोष आहे. जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा (पेट्रोल चुकूनही मारू नका, गरम इंजिनावर भडका उडेल!). फवारा मारताक्षणी इंजिनाचा सूर बदलला तर चीर तिथेच आहे. प्लग काढून बघा. काळा कोरडा काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर हवा जास्त, विटकरी असेल तर ठीक.

यातल्या एकाही तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. मग शेवटी, सगळं निर्दोष आहे हे बघून झाल्यावर, इंजिन तापवून, त्या स्क्रूला हात लावायचा. पुस्तिकेत सांगितलेल्या आकड्यावर स्लो बांधण्यासाठीच तो दिलेला आहे. माझी तक्रार स्क्रूवर नाही, त्याला पहिल्या पायरीवर आणून बसवण्यावर आहे.

आणखी एक गंमत सांगतो. तुमच्या खिशात गाडीचा तपासणी अहवाल असतो आणि तुम्ही तो कधी वाचलेला नसतो. पीयूसीची चिठ्ठी! पेट्रोलच्या दुचाकीची पीयूसी चाचणी स्लोवरच होते. त्यात दोन आकडे असतात, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकींना मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम. बीएस ४ पासूनच्या गाड्यांना याहून कडक. आपण फक्त 'पास' बघतो आणि चिठ्ठी घडी घालून ठेवतो. पण ते आकडे बोलतात. मोनॉक्साइड जास्त असेल तर पेट्रोल जादा जातंय, म्हणजे एअर फिल्टर तुंबलाय, चोक अडकलाय किंवा फ्लोटची पातळी चढलीय. मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे ठिणगी हुकतेय, मिश्रण फारच पातळ आहे किंवा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. पण तिचा उपयोग काय होतो? पीयूसीपुरता स्क्रू फिरवून आकडा बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा होता तसा करायचा. म्हणजे पेपर फुटल्यासारखंच झालं की!

आता दुसऱ्या जातीच्या मंडळींकडे वळतो. ही मंडळी स्क्रू पिळत नाहीत, पार्ट बदलतात. परवा-परवाची गोष्ट. आमचा भाचा चाकणला शिफ्टमध्ये आहे. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर गाडी पळते. स्लोला थांबेना म्हणून एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये टाकली. (नाव सांगत नाही, अशी अनेक आहेत.) पहिल्या वेळी प्लग आणि एअर फिल्टर बदलला. आठ दिवस बरी चालली. दुसऱ्या वेळी केबल बदलली. तिसऱ्या वेळी सांगितलं, "कार्बोरेटर गेलाय, नवा टाकावा लागेल." प्रत्येक वेळी छापील बिल, सुटे भाग अमुक, लेबर तमुक, वर जीएसटी. भाच्याने निमूट पैसे भरले. कार्बोरेटरचा आकडा ऐकून मात्र तो आपल्या कासारवाडीतल्याच रेल्वेच्या बाजूच्या एका छोट्या गॅरेजात गेला. तिथला माणूस पन्नाशीचा, फळकुटावर बसून काम करणारा. त्याने आधी पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारले. मग हँडल वळवून बघितलं, पाण्याची फवारणी केली आणि जोडाच्या रबरावर बोट ठेवलं. नखाएवढी चीर. रबर बदललं, स्लो बांधून दिला, झालं काम.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या माणसाने रबराचे पैसे सांगितले आणि वर 'बघण्याचे' दीडशे रुपये मागितले. आणि आमचे चिरंजीव भाचे, ज्यांनी सर्व्हिस सेंटरला तीनदा निमूटपणे हजारो रुपये मोजले, ते इथे घासाघीस करायला लागले! "बघण्याचे कसले पैसे? तुम्ही केलंत काय? एक रबर तर बदललंत!"

मी तिथेच त्याला म्हटलं, "अरे, तीन वेळा जे कुणाला दिसलं नाही ते याने बघितलं, त्याचेच पैसे आहेत ते!"

मंडळी, सगळ्या दुखण्याचं मूळ मला इथे दिसतं. आपल्या बिलावर दोनच रकाने असतात, सुटे भाग आणि लेबर. निदानाला रकानाच नाही. डॉक्टर आपल्याला तपासून म्हणतात, "काही झालेलं नाही, दोन दिवस आराम करा", तरी आपण त्यांची फी देतो. वकिलाला सल्ल्याचे देतो. ज्योतिषालासुद्धा देतो! पण मेकॅनिकने तासभर डोकं लावून "काही बदलायला नको, नुसतं झाकणाचं भोक साफ केलंय" असं सांगितलं, तर आपण "थँक यू" म्हणून गाडीला किक मारतो. मग त्याने पोट कशावर भरायचं? तो शिकतो की डोकं लावण्याला दाम नाही, काहीतरी विकण्याला आहे. म्हणून तो विकतो. जो विकत नाही, तो दोन मिनिटांत स्क्रू पिळून पुढचं गिऱ्हाईक घेतो. दोघांनाही ही वाट आपण गिऱ्हाइकांनीच लावून दिली आहे. म्हणून एकट्या मेकॅनिकला शिव्या देणं मला मान्य नाही.

आपल्याकडे निदानाला किती मान होता बघा. आयुर्वेदात माधवकरांचा 'माधवनिदान' नावाचा ग्रंथ आहे, हजार वर्षांहून जुना. अख्खा ग्रंथ रोग ओळखायचा कसा यावर. उपचार त्यात नाहीत! नुसतं ओळखणं हीसुद्धा एक पूर्ण विद्या आहे, हे त्या काळी मानलं गेलं. आणि आज आपण 'निदान' हा शब्द मुख्यतः 'कमीत कमी' या अर्थाने वापरतो. निदान एवढं तरी कर, निदान तेवढं तरी दे. भाषेच्या मास्तराला हा योगायोगही बोलका वाटतो.

आता तिसरी मंडळी. ही म्हणतील, "मास्तर, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात? एक एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं, कार्बोरेटर गेले, फ्युएल इंजेक्शन आलं. आता स्लो संगणक बांधतो. स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, काम झालं."

पहिली गोष्ट, कार्बोरेटरच्या लाखो गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्या बहुतेक कष्टकऱ्यांच्याच आहेत. दुसरी गोष्ट, इंजेक्शनच्या गाडीचाही स्लो बिघडतो. थ्रॉटल बॉडीत काजळी साठते, स्लोची हवा देणारी बारीक वाट बुजते, बॅटरी अशक्त झाली की पंप आणि संगणक दोघांनाही पुरेशी वीज मिळत नाही. आणि तोच जोड, तेच रबर इथेही आहे! समजा ते चिरलं. जादा हवा शिरली. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो, "मिश्रण पातळ आहे." मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो. स्कॅनरवर कोड येतो. आणि कोड ज्या सेन्सरचं नाव घेतो तो सेन्सरच बदलला जातो! म्हणजे चोर आला म्हणून ओरडणाऱ्या राखणदारालाच कामावरून काढलं. नवा राखणदार चार दिवसांनी तेच ओरडणार.

कोड काय सांगतो? कुठला आकडा मर्यादेबाहेर गेला ते. तो का गेला हे माणसालाच शोधावं लागतं. स्कॅनर उत्तम हत्यार आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण थर्मामीटरला कुणी वैद्य म्हणत नाही.

आणि हे हत्यार कुणाच्या हातात आहे, हाही प्रश्न आहे. नव्या गाड्यांतली स्वयंतपासणी वाढत गेली. एप्रिल २०२३ पासून तिचा पुढचा टप्पा आला, एप्रिल २०२५ पासून आणखी पुढचा. म्हणजे गाडी स्वतःबद्दल दिवसेंदिवस जास्त माहिती साठवतेय. ती माहिती, त्यामागचे तक्ते, दुरुस्तीची पुस्तकं छोट्या गॅरेजवाल्याला रास्त दरात मिळायला नकोत का? मोटारींच्या बाबतीत हा वाद झालेला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. ठपका हाच होता की सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा देशासमोर आला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, तीत वाहनांचं क्षेत्रही होतं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं पोर्टल सुरू झालं. ठीक आहे, सुरुवात म्हणू. पण पोर्टलवर ग्राहक सेवेचा फोन नंबर मिळाला म्हणून फळकुटावरच्या माणसाच्या हातात तक्ते येत नाहीत. जुन्या स्कूटरच्या काळात प्लग घासून, कार्बोरेटर फुंकून गाडी चालू करणारा एक तरी माणूस प्रत्येक चाळीत असायचा. गाडी तेव्हा आपली होती, कारण ती आपल्याला कळत होती.

काही जण हल्ली एक नवी पळवाट काढतात. काहीही झालं की "पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे ना, म्हणून!" आता हे खरं की २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सर्रास झालंय. इथेनॉल पाणी ओढून घेतं. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या त्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं. जुन्या रबरांनाही ते मानवेलच असं नाही. म्हणजे स्लो बिघडायला ते कारण असू शकतं. पण 'असू शकतं' आणि 'आहे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, थोडा वेळ ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे, बोला मग! न बघता इथेनॉलला दोष देणं म्हणजेसुद्धा स्क्रू पिळणंच आहे, फक्त तो तोंडाने पिळलेला.

शेवटचा आक्षेप विजेच्या गाड्यांचा. चेतकच आता विजेची झाली, विजेच्या मोटरला स्लो नसतोच, मग मास्तरांचा विषयच संपला! नाही संपत. स्लो नसेल, पण बिघाड असेलच. आणि तिथे तर अख्खा कंट्रोलर, अख्खा बॅटरीचा खोकाच बदलून टाकण्याचा मोह आहे. एखादा सैल झालेला कनेक्टर शोधण्यापेक्षा खोका विकणं केव्हाही सोपं. शोधण्याची सवय आज स्लोवर लावली नाही, तर उद्या तिथे कुठून येणार?

मग करायचं काय? माझ्या तीन मागण्या आहेत.

एक, गॅरेजवाल्यांनी बिलावर 'तपासणी' असा तिसरा रकाना काढावा आणि त्यात काय तपासलं, काय सापडलं ते दोन ओळींत लिहावं. ज्याला कारण लिहिता येत नाही त्याला ते सापडलेलं नाही, हे मी परीक्षकाच्या अनुभवावरून सांगतो.

दोन, आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा घेताना कार्बोरेटर खोलून जोडायला लावू नका फक्त. गुपचूप एक दोष घातलेली चालू गाडी समोर ठेवा आणि म्हणा, "कारणे द्या." खोलणं-जोडणं हाताचं काम आहे, ते सरावाने येतं. शोधणं शिकवावं लागतं.

तीन, आपण गिऱ्हाइकांनी 'बघण्याचे' पैसे द्यावेत. न कुरकुरता, सुटा भाग बदलला नाही तरी, किंबहुना नाही बदलला म्हणूनच. आणि गॅरेजात शिरताना "जरा स्लो वाढवून द्या हो" असं म्हणायचं बंद करावं. औषधाचं नाव आपणच सांगितल्यावर वैद्याने तपासावं तरी कशाला? त्याऐवजी "स्लोला थांबत नाही, का ते बघा" एवढंच म्हणायचं आणि त्याला वेळ द्यायचा.

भाच्याने शेवटी त्या माणसाला दीडशे रुपये दिले. मी बाजूलाच उभा होतो म्हणून दिले, की पटले म्हणून दिले, हे काही मी विचारलं नाही. :-)

असो. तुमच्यापैकी ज्यांच्या गाडीचा स्लो सध्या चढवलेला आहे, त्यांनी येत्या रविवारी हँडल वळवून एवढी एक परीक्षा तरी करून बघावी. गाडी मधल्या स्टँडवर, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि दार-खिडक्या उघड्या असलेल्या जागेत, घरात नव्हे.